धोंड्याच्या वाणात पेडल

अधिक महिन्यात सासऱ्यांनी "जावईबापू, काय घेऊ?" असं विचारलं की जावयानं आधी "कशाला उगाच" म्हणायचं आणि मग अंगठी घ्यायची, ही आपल्याकडची रीत. मी एका दमात "डिस्टॉर्शन पेडल" म्हणून मोकळा झालो. मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, ते चांदीत मिळतं का, असं विचारलं.

पेडल म्हणजे मुठीएवढी लोखंडी डबी. गिटारची वायर तिच्यातून न्यायची, पायानं बटण दाबायचं, की चांगला स्वच्छ आवाज जाडाभरडा होऊन गुरगुरायला लागतो. चांगला आवाज पैसे देऊन बिघडवायचा ही कल्पनाच मामांना, म्हणजे सासऱ्यांना, पटणारी नव्हती. ते मनमाडला रेल्वेत फिटर होते. बिघडलेलं दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली.

आमची घरचीच बेंजो पार्टी आहे. हळदीच्या कार्यक्रमांना आम्ही वाजवतो. ढोलकी आणि ड्रमवाले बाहेरचे, तारांची वाद्यं मात्र घरची. मेहुणा बेंजो वाजवतो. आमच्याकडचा बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेली आडवी पेटी. मी आठवडाभर अंबडच्या एका कंपनीत मालात खोट काढतो आणि सुट्टीच्या दिवशी गिटार वाजवतो. मँडोलिन मामांची. माझं स्थळ आलं तेव्हा त्यांनी पत्रिका बाजूला ठेवून गिटार आणायला सांगितली होती. त्या दिवसापासून मला माझ्या वडिलांइतकाच त्यांचा लळा आहे, आणि त्यांचा मला रागही तितकाच येतो.

गेल्या वर्षी मामांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. बोलणं सुधारलं, चालणं सुधारलं, उजव्या हातात मात्र पूर्वीची चपळाई आली नाही. मँडोलिनची तार छेडली की क्षणभर वाजते आणि विझते. सूर लांबवायचा तर पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, तारेवर भराभर खाली-वर हलवत राहावं लागतं. मामांच्या हाताला तेच जमेना. अधिकात लग्नं नसतात, त्यामुळे पार्टी रिकामीच होती. तेवढ्यात त्यांनी जाहीर केलं, "अधिक सरला का मला धरू नका. मँडोलिनवाला दुसरा बघा." मँडोलिन कपाटावर गेली आणि मामा दिवसभर टीव्हीसमोर बसायला लागले. टीव्हीवर काय चाललंय हे विचारलं तर त्यांना सांगता यायचं नाही.

डिस्टॉर्शनचा एक गुण असा, की तार एकदाच छेडली तरी सूर बराच वेळ टिकून राहतो. पण "मामा, तुमच्या हातासाठी पेडल आणू," असं म्हटलं असतं तर त्यांनी मला डाव्या हातानं घराबाहेर काढलं असतं. म्हणून बायकोनं आणि मी मिळून बेत केला. पेडल मी माझ्यासाठी मागायचं, आणि घरात तीन वाद्यं आहेत तर तिन्हींना चालेल असंच घेऊ, असं वर साळसूदपणे सुचवायचं.

मामा म्हणाले, "वाण तुमचं, पण पारखून मी घेणार." मग काय, मेहुणा, मी, मामा आणि तीन वाद्यं अशी वरात एका रिक्षातून दुकानात निघाली. बेंजो माझ्या मांडीवर होता आणि दर खड्ड्याला त्याचं एक बटण माझ्या बरगडीत वाजत होतं.

आता खरं सांगायचं तर माझा जीव कित्येक दिवस एका काळ्या पेडलवर जडला होता. त्याचे व्हिडिओ मी इतक्यांदा पाहिले होते, की बायको त्याला "तुमची ती" म्हणायची. दुकानात मी पहिलं तेच काढायला लावलं. गिटार जोडली, एक फटका मारला आणि भिंतीवरचे तबले थरथरले. माझे डोळे आपोआप मिटले. मग मेहुण्यानं बेंजो जोडला. मिक्सरच्या भांड्यात चमचा राहिल्यासारखा आवाज आला. मँडोलिनच्या वेळी तर मामांनी तारेला बोट लावण्याआधीच कर्णकर्कश शिट्टी सुरू झाली. मामा हात वर करून मागे सरकले. "हात लावायच्या आधीच बोंबलतंय! मारल्यावर काय करील?"

दुकानदार म्हणाला, "पोकळ वाद्य आहे काका. त्याला एवढं चढवलं की शिट्टी मारणारच."

दुसऱ्या पेडलवर बेंजो एकदम बहारदार वाजला आणि मेहुणा नवरदेवासारखा हसायला लागला. गिटारला मात्र त्यानं सर्दी झाली. तिसरं मँडोलिनला बरं होतं, पण त्यावर बेंजो कुठे गेला ते शोधावं लागलं. चौथ्याचं बटणच मला ढिलं वाटलं. कंपनीतली सवय, दुसरं काय. काउंटरवर नापास डब्यांचा ढीग साचला तेव्हा दुकानदार म्हणाला, "दादा, पेडल घेताय का सून बघताय?"

शेवटी त्यानं एक साय रंगाचं पेडल काढलं. त्यावर एक जास्तीचं बटण होतं. मूळ स्वच्छ आवाज किती ठेवायचा आणि बिघडवलेला किती मिसळायचा, हे त्यानं ठरवता यायचं. बेंजो नीट वाजला. गिटार वाजली, पण शाळेच्या गॅदरिंगला शोभेल इतपतच. मामांनी वैतागून एकदा तार छेडली. शिट्टी आली नाही. सूर मात्र रेंगाळला. माझं सगळं लक्ष त्या सुरावर होतं आणि मामांचं दुकानदारावर, कारण ते त्याच्याशी गॅरंटीवरून भांडायला लागले होते. त्यांना काही जाणवलं की नाही, देव जाणे.

"बोला जावईबापू, कुठलं?" मामांनी विचारलं.

एका बाजूला काळं, एका बाजूला सायीचं. जावई हा दहावा ग्रह, त्याला कोणी नाही म्हणणार नव्हतं. काळ्यावर बोट ठेवलं असतं तर मामांनी निमूट पैसे दिले असते आणि घरी जाऊन टीव्ही लावला असता. मनातल्या मनात मी त्या काळ्या डबीची माफी मागितली आणि सायीचं घेतलं. मेहुण्यानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "दाजी, तब्येत बरी ना?"

धोंड्याच्या जेवणाला मी पाटावर बसलो. त्या दिवशी जावई म्हणजे साक्षात नारायण. मामींनी ताटात तेहतीस अनारसे रचले, दिवा ठेवला आणि त्यांच्या मधोमध पेडल. त्यालाही हळदकुंकू वाहिलेलं. कुंकू नेमकं बटणाच्या फटीत गेलं, पण नारायणानं तक्रार करायची नसते. पुरण भरलेले धोंडे आणि त्यावर तूप इतकं झालं, की हात धुतल्यावर मी बैठकीतच आडवा झालो.

जाग आली ती आवाजानं. आतल्या खोलीत मँडोलिन वाजत होती. मी दारापर्यंत गेलो आणि तिथेच थांबलो. मामा एकटेच बसले होते. त्यांनी तार एकदाच छेडली आणि उजवा हात मांडीवर ठेवून दिला. सूर तसाच चालू राहिला. डाव्या हाताचं बोट तारेवर हळूहळू डोलत होतं आणि मामा आपल्या निवांत पडलेल्या उजव्या हाताकडे बघत होते. मग पुन्हा एकदा तार, पुन्हा तो लांब सूर. एक संथ चाल त्यांनी अशी एकेका फटक्यावर पुरी केली. मला रडू आलं, आणि मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

मामांनी मला पाहिलं. "तुमचं वाण उष्टं केलं हो."

"वाजवा ना, मामा."

"तुमच्या गिटारीला ह्याचा काय उपेग नाय. लय मवाळ हाय." मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले, "मी म्हातारा झालो, खुळा नाय झालो."

खाली वाकून त्यांनी बटण जरासं फिरवलं, तार लावून घेतली.

"अधिक सरल्यावर पहिली हळद कुठं हाय?"

"लासलगावला."

"मग गाडीत पुढची सीट माझी," मामा म्हणाले. "पाय लांब करायला लागतात मला."