झडपेला बांधलेला हार

देवावर माझा विश्वास आहे, पण माझं त्याच्याशी भांडणही चालू असतं, हे आधीच सांगून टाकते. त्या कोजागिरीच्या सकाळी लाँड्रीत उभी राहून मी आमच्या गावदेवीला चक्क म्हटलं होतं, "तुला आमची सेवा नको असेल तर सरळ सांग की! असं तोंडघशी का पाडतेस?" समोर टोपल्यांत तिचीच नऊ लुगडी ओलीचिंब पडली होती, बाहेर परतीचा पाऊस कोसळत होता आणि आमचा कपडे वाळवायचा ड्रायर नुसता गरागरा फिरत होता. ड्रम फिरतोय, आवाज येतोय, पण आत हात घातला तर थंडगार. खरं सांगते, त्या क्षणी मला रडू नाही, राग आला होता.

कुळगावात आमची छोटी लाँड्री आहे. नवरात्रात गावदेवीला रोज एक नवं सुती लुगडं नेसवतात आणि कोजागिरीच्या संध्याकाळी ती लुगडी गावच्या माहेरवाशिणींच्या ओटीत घालतात. धुण्याचा मान आमच्या घराकडे. त्याचे नियम कडक. धुवायची ती त्याच सकाळी, आदल्या दिवशी धुतलेली चालत नाहीत. एकदा आमच्या पाण्यात भिजली की वाळेपर्यंत दुसऱ्या कुणाच्या घरात न्यायची नाहीत. आणि ओलं वस्त्र ओटीत घालायचं नाही. सासूबाईंनी सारा जन्म हे अंगणातल्या दगडावर, उन्हात केलं. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात लुळा पडला. तेव्हा उत्सव कमिटीत कुणीतरी म्हणालं, आता हा मान दुसऱ्या घराला देऊ या. मीच तावातावाने उठले, "का म्हणून? मी आहे, माझं मशीन आहे!" मंडळी म्हणाली, बरं, एक वर्ष बघू. सासूबाई घरी येऊन कितीतरी वेळ पदराने डोळे टिपत बसल्या. म्हणजे त्या सकाळी लुगडी वाळली नाहीत तर त्यांच्या आयुष्यभराची सेवा माझ्या हातून सुटणार होती.

मेकॅनिकला फोन लावला तर तो गावी गेलेला. बिचाऱ्याने फोनवरच सांगितलं, "ताई, हीटरचा थर्मोस्टॅट गेला असणार. प्लग काढा, मागचं पत्र्याचं झाकण खोला. हीटरच्या डब्यावर दोन वायरी लावलेली गोल चकती दिसेल, ती काढून तस्सा नवा पीस आणा. मी आलो की बसवतो." कधी येणार, तर पौर्णिमेनंतर. घ्या! आमचे हे अंबरनाथला कंपनीत ड्युटीवर. मी प्लग काढला, झाकण खोललं आणि बटाट्याच्या कापाएवढी ती चकती काढून रुमालात बांधली. तिच्यावरची वायर जोडायची एक पट्टी काळी पडली होती. सासूबाई दारात बसून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "जा गो तू. ती बघंल काय ते." मला ते पटलं नाही. ती बघणारी असती तर आजच बिघाड का, असं मनात म्हणतच मी उल्हासनगर गाठलं.

पार्टच्या दुकानांची अख्खी गल्ली पालथी घातली. चकतीवरचा नंबर बघून प्रत्येक जण मान हलवायचा. "मॅडम, ये पीस का ऑर्डर देना पड़ेगा." कुणी दुसऱ्या नंबरचा गळ्यात मारायला बघत होता, पण गरम होण्याची मर्यादा वेगळी असली तर लुगडी करपायची किंवा ओली राहायची, एवढं मला कळत होतं. शेवटच्या दुकानाच्या पायरीवर मी मटकन बसले आणि मग मात्र रडू आलं. अगदी हुंदके देऊन, लाज सोडून. मनात म्हटलं, आई, माझं डोकं चालेनासं झालंय, आता तुझं तू बघ. त्यात भक्ती कमी आणि वैतागच जास्त होता, पण त्या दिवसातली माझी पहिली खरी प्रार्थना तीच असावी.

"अदी, रोती काहे को है?" अदी म्हणजे सिंधीत ताई. बघते तर एक जाडजूड सिंधी आंटी, हातात छत्री, काखेत भली मोठी पर्स. तिने माझ्या हातातली चकती घेतली, उलटीपालटी केली आणि विचारलं, "ड्रायर का है ना? दसरे पे पूजा किया था मशीन का?" मी चमकलेच. हो, म्हटलं, खंडेनवमीला. "हार किधर बांधा?" आणि मला एकदम आठवलं. ड्रायरची गरम हवा बाहेर टाकणारा पाइप आमच्या मागच्या गल्लीत निघतो, त्याच्या तोंडावर एक झडप आहे, हवेच्या जोराने उघडणारी. मशीनची पूजा झाल्यावर झेंडूचा एक हार मी तिथेही बांधला होता, वाऱ्याने उडू नये म्हणून चांगली सुतळीची गाठ मारून. नंतर थेट त्या सकाळपर्यंत लाँड्री बंदच होती. म्हणजे गरम हवेला बाहेर पडायला वाटच नव्हती! आंटी मोठ्यांदा हसली. "मैंने भी दिवाली में यही किया था. मेरी भी लाँड्री है बेटा. तब से दो पीस मंगाके रखती हूं, अभी वही लेके जा रही थी." पर्समधून तिने एक डबी काढली. आतल्या चकतीवर तोच नंबर. पैसे विचारले तर म्हणाली, "वो बाद में. पहले रास्ता खोलना, फिर पार्ट लगाना. नहीं तो ये भी जलेगा."

घरी आल्या आल्या मी कात्री घेऊन मागच्या गल्लीत गेले. देवाच्या नावाने बांधलेला हार कापायचा म्हणून हात अडखळला. सासूबाई खिडकीतून ओरडल्या, "काप गो! तिचा जीव काय त्या सुतलीत हाय?" हार कापला, झडप हलवून बघितली, पाइपात साठलेला कपड्यांचा कापूस ओढून काढला. मग मशीनमागे बसले. प्लग बाहेर आहे ना, हे परत परत पाहिलं. सासूबाईंनी डाव्या हातात टॉर्च धरला, उजेड बरोबर जिथे हवा तिथे. चकती बसवली, स्क्रू आवळले, वायरी जागच्या जागी घट्ट दाबल्या, झाकण लावलं. स्विच दाबला आणि धावत गल्लीत गेले. झडप फडफडत उघडली आणि भर पावसात माझ्या तळहातावर गरम हवा आली. मी अशी किंचाळले की शेजारीण लाटणं घेऊन बाहेर आली! आत सासूबाई ड्रायरच्या काचेला गाल लावून बसल्या होत्या, हसत होत्या आणि रडतही होत्या.

संध्याकाळी लुगडी डोक्यावर घेऊन मी सासूबाईंबरोबर देवळात गेले, तेव्हा ती अजून कोमट होती. कमिटीच्या अध्यक्षांनी एकेक उलगडून पाहिलं, हाताने दाबून पाहिलं. "वहिनी, एवढ्या पावसात ऊन कुठून आणलंत?" मी तोंड उघडणार तेवढ्यात सासूबाईंनी डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझ्या सुनेनी आनलं. मान आमच्याच घरात हाय." अध्यक्षांनी लुगडी देवीपुढे ठेवली. ओट्या भरल्या गेल्या.

आंटी खरीखुरी बाई आहे, तिचा नंबर माझ्याकडे आहे. तिला मी म्हटलं, तुम्ही देवीसारख्या आलात, तर म्हणाली, "देवी का घुटना ऐसा दुखता है क्या?" मी वाद घालत नाही. मला एवढंच कळलं की मी सकाळपासून देवीकडे हक्काने मागत होते आणि ती द्यायची वाट मीच गाठ मारून बंद करून बसले होते. पायरीवर रडताना ती गाठ सुटली, बाकीचं तिनं केलं. आई, तुझे उपकार. भांडण मी अजूनही करते, पण जरा कमी. यंदा खंडेनवमीला मी हार घेऊन मागच्या गल्लीकडे निघाले, तर सासूबाईंनी तो माझ्या हातून घेतला, डाव्या हाताने मशीनच्या वरच्या खिळ्याला अडकवला आणि म्हणाल्या, "हितं बरा. तिला वारा येऊ दे."