पाठीचा फोटो

मुलांच्या हॉस्पिटलात सगळे त्यांना फोटोमामा म्हणत. आधी ते लग्नांचे फोटो काढायचे. "तिथं माणसं फोटोसाठी पोट आत घेतात, आणि इथं मला पोटाचाच फोटो लागतो," असं म्हणून ते वॉर्डातल्या नर्सना हसवायचे. हॉस्पिटलातून बालरोगांवरचं एक संशोधन-मासिक निघे. त्यासाठी फोटो काढायचे, ही त्यांची नोकरी. पहिल्याच दिवशी जुन्या सवयीनं ते एका पोरीला म्हणाले, "हस बरं जरा!" तेव्हा मासिकाच्या संपादक असलेल्या मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हसू नकोय मामा, पुरळ हवंय."

हळूहळू मामांना त्या मासिकाची नाडी कळली. मोठ्या संशोधन-लेखाला फोटो लागतच नाही. तिथं शेकडो मुलांचा मिळून एक आलेख होतो. आढावा घेणाऱ्या लेखाला जुनेच फोटो चालतात. संपादकांना आलेल्या पत्रांत तर नुसती डॉक्टरांची भांडणं. मामांना काम पडायचं ते एखाद्याच मुलाच्या विचित्र आजाराची हकीकत छापायची असली की. नाहीतर शेवटच्या पानावरच्या 'निदान ओळखा' या सदरासाठी. एक फोटो, खाली प्रश्न, उत्तर पलीकडच्या पानावर.

एका दुपारी त्यांच्या खोलीच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली.

"मामा, ओळखलंत? खिडकीजवळच्या कॉटवर होतो आम्ही. ढब्बूची आई."

ओळखलं होतं. औषधांनी सुजलेला, गोबरा दिसणारा पोरगा. निम्मं आयुष्य त्यानं वॉर्डातच काढलं होतं. मागच्या महिन्यात तो गेला.

"एक फोटो द्याल त्याचा? तुम्ही किती वेळा काढलेत. आमच्याकडे एकही नाही हो. तोंड सुजलेलं. सासूबाई म्हणायच्या, असा कसा काढायचा, बरा झाला की काढू. मीही तेच म्हणत राहिले."

मामांनी खुर्ची पुढे केली, कॉम्प्युटर उघडला. ढब्बूचे फोटो होते, भरपूर होते. पाठ. पाठ जवळून. डावा तळवा, शेजारी मोजपट्टी. पायाची नखं. एका फोटोत तोंड होतं, पण छापायच्या आधी डोळ्यांवर काळी पट्टी मारलेली. मूळ फोटो पुसून टाकायचा, असा नियम होता. आणि मामा नियमाचे पक्के.

बाई पडद्याजवळ वाकली. "हनुवटी त्याचीच. हे काळं पुसता येत नाही का?"

"नाही ताई. खाली काही उरलेलंच नाही."

तिला काय द्यावं ते मामांना सुचेना. त्यांनी पाठीचा फोटो छापून तिच्या हातात दिला. तिनं तो बराच वेळ धरून ठेवला.

"रोज ओल्या फडक्यानं पुसायचे मी ही पाठ," ती म्हणाली. "पण खरं सांगू मामा? नाही ओळखू येत. कुणाचीही असेल."

फोटो टेबलावर ठेवून ती गेली.

त्या रात्री मामांनी घरी सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, यात तुमची काय चूक?"

"चूक कुठं म्हणतोय मी?" एवढंच ते बोलले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपलं आपणच एक काम अंगावर घेतलं. आधी मुलाचा चेहरा टिपायचा, छापून आईबापांच्या हातात द्यायचा, मग पुरळ आणि तळवे. ज्यांची तब्येत जास्त खालावलेली, त्यांच्याकडे आधी जायचं. उशीर नको व्हायला. मुलांच्या आया खूश झाल्या. कुणी उशीजवळ फोटो ठेवला, कुणी गावी पाठवला.

पण ती मुलं एकामागून एक जाऊ लागली. ती जाणारच होती, म्हणून तर मामा तिकडे आधी गेले होते. वॉर्डात मात्र कुजबुज उलटी फिरली: मामांनी ज्याचा चेहरा काढला, ते पोर वाचत नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही.

"मामा, तुमच्या मनात काय आहे ते मला कळतं. पण तुम्हाला पाहिलं की आया रडायला लागतात. बंद करा हे."

"आणि बाई, नंतर कुणी फोटो मागायला आलं तर?"

बाईंनी समोरचे कागद उगीचच सारखे केले. "तर नाही म्हणायचं."

मामांनी बंद केलं. पण कुजबुज काही बंद झाली नाही. वर्षं गेली, आजारी मुलं नवी, आया नव्या, तरी गोष्ट एका कॉटवरून दुसऱ्या कॉटवर जातच राहिली. नर्सनी समजावून पाहिलं आणि हात टेकले.

परवा ते एका पोराच्या पायाचा फोटो काढायला गेले. त्यांना येताना बघून आईनं चादर ओढून पोराचं डोकं झाकलं आणि त्याला घट्ट कवटाळलं. पोराला वाटलं, खेळच चाललाय. ते आतल्या आत खिदळत होतं. मामांनी चादरीबाहेर आलेल्या पायाशेजारी मोजपट्टी ठेवली, फोटो काढला आणि मान वर न करता बाहेर पडले.