आईचा पियानो आणि मामांचा ताणा

नागपुरात पेटीचा भाता शिवून मिळायचा, तबल्याला शाई भरून मिळायची, स्टोव्ह दुरुस्त करणारा तर दारावरच यायचा. पियानो उचलणारा माणूस मात्र कुणाच्या ऐकिवात नव्हता. सत्तरच्या दशकात एकदा माझ्या आईने तो शोधायला घेतला आणि आमच्या घरातली शिस्त पार कोलमडली.

आई कोष्ट्याची लेक, माहेर उमरेडचं. आम्ही मोहननगरात भाड्याने राहायचो तेव्हा शेजारच्या मॅडमकडे ती साडीला फॉल लावून द्यायला गेली आणि पियानोच शिकू लागली. मॅडम मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, कडक बाई. पण हात एकीकडे आणि पाय दुसरीकडे चालवायचं आईला सांगावंच लागलं नाही. मागावर वाढलेली ती, पायाने पावड्या दाबत हाताने धोटा फेकणारी. नंदनवनला घर बांधल्यावरही बस बदलून ती जातच राहिली. तिला एक धून यायची. एकच, आणि तीही शेवटाशी हटकून चुकायची.

मग मॅडम मद्रासला मुलीकडे कायमच्या निघाल्या. "पियानो तू ने," त्या आईला म्हणाल्या. "रविवारी संध्याकाळी गाडी आहे. स्टेशनवर जायच्या आधी तुझ्या घरी येते. एकदा न चुकता ऐकव, मग मी सुखाने जाते."

झालं. आई मला घेऊन गावभर फिरली. मी कॉलेजात होते, परीक्षा तोंडावर होती, पण अभ्यासापेक्षा हे शंभर पटींनी बरं होतं. महालातल्या पेटीवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हवा कुठून भरता?" हवा नसते म्हटल्यावर त्याने आम्हाला चहा पाजून वाटेला लावलं. बँडवाला म्हणाला, "गळ्यात अडकवता येत नसन तं आमच्या काय कामाचा?" मांडव-खुर्च्या भाड्याने देणाऱ्या बिछायत केंद्रवाल्याचे डोळे मात्र चमकले. उचलून नाही, पण भाड्याने न्यायला तो एका पायावर तयार. लग्नात नवरा-नवरीच्या खुर्च्यांमागे ठेवणार म्हणे, शोभेला. "वाजवणार कोण?" आईने विचारलं. "वाजवाले काहून पाहिजे? गुलदस्ता का वाजते?" तो म्हणाला. आम्ही दोघी हसत हसत रस्त्यावर आलो, ते रिक्षा मिळेपर्यंत हसतच होतो.

शेवटी आईने माहेरी निरोप धाडला. माग उचलून या घरातून त्या घरात नेण्यात तिच्या धाकट्या भावांची हयात गेलेली. दोघे मामा शनिवारी दोर, बांबू आणि गोदड्या घेऊन हजर झाले. हातगाडीवर पियानो चढला, वर गोदडी, त्यावर दोर. प्रत्येक खड्ड्याला तो आतून गुरगुरायचा, आणि पोरंटोरं टाळ्या पिटत मागे लागायची. कुणी विचारलं, आत काय आहे? थोरला मामा गंभीरपणे म्हणाला, "आमची बाई शिकून राहिली, तिचं दप्तर हाय." घराच्या दाराची चौकट काढावी लागली. बाबांची खाट व्हरांड्यात गेली. "मला कुठे ठेवायचं तेही तुझ्या भावांना विचारून घे," बाबा म्हणाले, आणि ताट घेऊन निमूट खाटेवर जाऊन बसले.

रविवारी सकाळी आई मॅडमचं सामान बांधायला गेली. इकडे मामांनी पियानोची पुढची फळी काढली. आत तारा. विणकराच्या डोळ्यांना तो मागावरच्या उभ्या धाग्यांचा ताणा दिसला. धाकट्याने बोटाने एकेक तार दाबून पाहिली आणि कपाळावर हात मारला. कुठली घट्ट, कुठली सैल. असा ताणा मागावर दिसला तर घरची म्हातारी माणसं जेवू देत नाहीत. दोघे पाना घेऊन बसले ते दुपारपर्यंत हलले नाहीत. खालच्या जाड तारा सोडून सगळ्या त्यांनी मायेने एकसारख्या ताणल्या.

आई मॅडमना घेऊन आली. "पाह्य वं बाई, आता एकही धागा ढिला नाही," धाकटा म्हणाला. आईने एक पट्टी दाबली, मग दुसरी. मांजरांच्या भांडणातही याहून जास्त सूर असतात. आईने भावांकडे पाहिलं. दोघे घामाने निथळत, बक्षीस मिळाल्यासारखे उभे. गाडीची वेळ होत आली होती, आणि सूर लावणारा माणूस नागपुरात कुठून आणणार?

आई पदर खोचून बसली आणि वाजवू लागली. कोकलणं, खणखणाट, मधूनच एखादी भलतीच किंकाळी. बाबा व्हरांड्यातून डोकावले. मामा माना डोलवत होते. मी ओठ चावून हसू दाबत होते. मॅडमनी तर दोन्ही कानांवर हात ठेवले, आणि मला त्यांचा रागच आला. तशाच त्या उठल्या, आईच्या शेजारी गेल्या आणि वाकून उभ्या राहिल्या. आई थांबली नाही. शेवटची पट्टी दाबून तिने हात मांडीवर ठेवले.

मॅडमनी कानांवरचे हात काढले.

"ऐकलं काहीच नाही," त्या म्हणाल्या. "बोटं पाहत होते. एकही चुकलं नाही तुझं."

आठवडाभर खिदळणारी माझी आई तेव्हा त्यांच्या कमरेला मिठी मारून रडली.