दाराबाहेरच्या चपला

माझ्या हातात आज पदवी आहे ती आत्यामुळे. आई-वडिलांचे उपकार आहेतच. पण आमच्या घरात कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि बारावीनंतर मला आमच्या बीबी गावाहून मलकापूरला आणून, ब्लाऊज शिवून शिकवलं ते आत्यानं.

तिचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर. घरमालकीण शेजारीच. चर्च लांब, म्हणून रविवारी सकाळी दोन-तीन ख्रिस्ती घरं आमच्याकडे प्रार्थनेला जमत. घरमालकीण नेमकी तेव्हाच ओट्यावर तांदूळ निवडायला बसे. तिचं लक्ष तांदळात कमी आणि आमच्या दारातल्या चपलांवर जास्त. "आज नवे जोड दिसून राह्यले," असं ती सहज म्हणे. मला ते सहज वाटत नसे.

ती फोनवर हळू बोलली की आमच्याबद्दलच बोलते, असं मला वाटे. माझं शेवटचं वर्ष होतं. परीक्षेच्या तोंडावर घर गेलं असतं तर त्या गल्लीत दुसरं कोणी दिलं नसतं, आणि मला कॉलेज सोडून गावी जावं लागलं असतं. म्हणून मी सगळ्यांना चपला आत घ्यायला लावल्या. त्या रविवारी दारात एकही चप्पल नाही, आणि आतून गाण्याचा आवाज. झालं, संशय दुप्पट. घरमालकिणीनं दुपारीच विचारलं, "लपवाछपवी कायची चालू हाये?"

आत्या मला म्हणाली, "आपण कसे राह्यतो ते लोकाइले दिसू दे ना, बाबू. आपल्यालेच झाकून ठेवलं, तर देव कोणाले दिसन?" पुढच्या रविवारपासून चपला पुन्हा बाहेर, उलट नीट ओळीनं.

त्याच सुमारास घरमालकिणीची सून दुपारी, सासू शेतात गेली की, आत्याकडे शिवण शिकायला येऊ लागली. तिला सासूनंच पाठवलं असणार, अशी माझी खात्री. आत्याला हसू आलं. "पाळत ठेवाले आलेली बाई एवढी बाही उसवत बसन का गा?" पण सुनेला ती दर खेपेला बजावे, सासूले सांगून येत जा. सून मान डोलवायची आणि न सांगता यायची.

एक दिवस घरमालकीण दारात उभी. "माही सून येते का वं तुह्याकडे?"

एक 'नाही' म्हटलं असतं तर घर वाचलं असतं. मी आत्याकडे पाहिलं.

"हाव, येते. शिवणं शिकते. तुमाले सांगून ये म्हनलं होतं तिले."

"शिवणं का बाटवणं?"

"रविवारी येऊन पाहा ना तुमी."

ती खरंच आली. आत नाही, उंबऱ्यावर बसली, पायातल्या चपला न काढता. प्रार्थनेत आत्यानं आजाऱ्यांची नावं घेतली, त्यात घरमालकिणीच्या दुखऱ्या गुडघ्याचंही. आमेन होताच ती म्हणाली, "माह्या गुडघ्याचं नाव काऊन घेतलं? करणी-गिरणी नाही ना?"

"दुखते म्हून घेतलं."

"अन् बदल्यात काय पायजे?"

"काही नाही."

तिला ते पटलं नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. उठता उठता म्हणाली, "पोराची परीक्षा होऊ दे, तवर राहा. सुनेलेही येऊ दे. पण मी दर रविवारी पाहत जाईन." आणि ती दर रविवारी आली, तशीच उंबऱ्यावर, तशाच बारीक डोळ्यांनी. मी पास झालो. नाशिकला नोकरी लागली. तिथून मी आत्याला लिहिलेलं पत्र असं:

"ती. आत्या, जय ख्रिस्त. कामावर रुजू झालो. एक खोली पाहिली, मला आवडली. मालकानं गाव, पगार सगळं विचारलं, शेवटी जात-धर्म विचारला. माझ्या नावावरून काही कळत नाही, गप्प बसलो असतो तर चाललं असतं. मी सांगितलं. 'कळवतो' म्हणाला, अजून कळवलं नाही. तोवर कामावरच्या एका सोबत्याकडे राहतो आहे. तू काळजी करू नकोस. मालक वाईट नसेल, पण मला त्याचा भरवसा वाटत नाही, हे तुझ्यापासून का लपवू? उद्या दुसरी खोली बघायला जातो आहे. तिथंही विचारतील. तिथंही सांगीन. प्रार्थनेत आठवण ठेव."