बिनमिठाचं पातेलं

"मीठ टाकलंस तू. माझ्या पिंपांत मीठ टाकलंस, आणि वर तोंड करून गच्चीत कपडे वाळत घालतेस."

"मी? जाऊबाई, तुमच्यासाठी चिमूटभर मीठसुद्धा वाया घालवायची नाही मी."

"दुसऱ्याचं वाटोळं करायचं म्हटलं की तुझा हात बरा सैल सुटतो. विचार या गल्लीला."

गल्लीला विचारायची गरज नव्हती. सकाळचे साडेआठ वाजले होते, इस्त्रीचे कपडे न्यायला आलेली पाच गिऱ्हाइकं जिन्यापाशी उभी होती आणि त्यातल्या एकालाही घाई राहिली नव्हती.

मीठ टाकलं म्हणणारी बाई इस्त्रीवाली. जिन्याखाली तिचं टेबल, टेबलावर चार घड्यांचं जुनं ब्लँकेट आणि कोळशाची, पाच किलोची इस्त्री. गल्ली तिला कडकबाई म्हणते. कॉलर कडक करते म्हणून, असं तिच्या तोंडावर सांगतात. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, तरी ती त्याच्याशी अजून भांडते म्हणतात. घराच्या डाव्या अंगाला ती, मुलगा आणि वर्षापूर्वी आलेली सून. उजव्या अंगाला दीर आणि ही धाकटी जाऊ. जिना एक, गच्ची एक, बोलणं जवळपास बंद.

भांडण गच्चीचं होतं. कडकबाईने भंगारवाल्याकडून रंगाची बारा रिकामी पिंपं आणली, बुडाला भोकं पाडली आणि त्यांत घेवडा, काकडी, दोडका, टोमॅटो, माठ असं लावलं. दिराला तिथे पत्र्याची खोली काढून भाडेकरू ठेवायचा होता. एकदा तो म्हणाला, "वहिनी, हा पोरखेळ आवरा आता. चार टोमॅटोंवर घर चालतं का?"

तिचा पारा चढला. म्हणाली, चालतं. उन्हाळ्याचे तीन महिने माझ्या घरात बाजारातली एक भाजी आली, तर त्याच दिवशी पिंपं उचल आणि पत्रे ठोक. नाही आली, तर पुन्हा गच्चीचं नाव काढायचं नाही. दिराने पटकन मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून जाऊ दारात बसून कामावरून येणाऱ्या पुतण्याची पिशवी तपासायला लागली. एकदा त्याने चप्पल दुरुस्त करून आणली होती. तीही तिने कागद उलगडून पाहिली.

पण उन्हाळा कडकबाईचा होता. दिवसभर कोळशापुढे उभं राहणारी बाई पहाटे गच्चीवर जायची, वेलावरची थंड काकडी तोडून पदराला पुसायची आणि तिथेच उभ्याने कडाकडा खायची. तेवढा वेळ तिचं तोंड भांडायला मोकळं नसायचं. संध्याकाळी सून एकाच मोठ्या पातेल्यात दिवसाची भाजी उकडायची. कोवळा घेवडा, दोडक्याच्या चकत्या, मूठभर माठ, वर ठेचलेला लसूण आणि कच्चा टोमॅटो. तिघं गच्चीत पिंपांच्या मधे बसून जेवायची. तापलेली फरशी निवत असायची, टोमॅटोच्या पाल्याचा उग्र वास यायचा, आणि पलीकडून जाऊ पाहतेय हे माहीत असल्यामुळे कडकबाईला घास जास्तच गोड लागायचा.

पातेल्याचा एक नियम होता. त्यात मीठ घालायचं नाही. ज्याला हवं त्याने ताटात घ्यावं. कडकबाईच्या नळाला उन्हाळ्यात दिवसाला दोन बादल्या पाणी, म्हणून भाज्या धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, पातेल्यातलं उकळीचं निवलेलं, सगळं पाणी पिंपांना जायचं. ती स्वतः ताटातही मीठ घ्यायची नाही. माझ्या भाजीला मिठाची गरज नाही, म्हणायची.

गेल्या महिन्यात तर तिने कौतुकाची हद्द केली. यंदाच्या घेवड्याला काय चव आहे, म्हणे. रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे तेही थांबले, आणि ते घरच्या भाजीचं पुण्य, हे तिने अख्ख्या गल्लीला ऐकवलं. मग पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपल्या. घेवड्याची फुलं गळाली. काकडीचा वेल सुतळीसारखा लोंबायला लागला. पैजेचे तेवीस दिवस उरले होते.

त्या दिवशी सकाळी तिला मातीवर पांढरी कड दिसली. बस ड्रायव्हरच्या गडद शर्टावर घाम वाळला की पाठीवर असाच पांढरा नकाशा उमटतो. तसले शर्ट ती वीस वर्षं धुऊन आणायला परत पाठवते. तिने बोट लावून चाटलं. खारट. ती तशीच जिना उतरली आणि साडेआठ वाजता गल्लीला फुकटचा तमाशा मिळाला.

संध्याकाळी तिने सुनेच्या हातातलं पातेलं ओढून घेतलं. आजपासून पिंपांना पाणी मीच घालणार, कुणाचा भरवसा नाही. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर काय वाटलं कुणास ठाऊक, तिने पाण्यात बोट बुडवून तोंडात घातलं. मग चौथी पायरी चढलीच नाही.

"ह्यात मीठ आहे."

सून भिंतीला टेकली. "मीच घालते, आई. महिना झाला."

मग हळूहळू बाहेर आलं. सासू कोळशापुढे घामाने निथळते, रात्री पोटऱ्या धरून कण्हते. औषधांच्या दुकानदाराने सुनेला सांगितलं की घाम फार जातो, मीठ खाऊ घाला. ताटात तर सासू घेत नाही. म्हणून पातेल्यात.

"घालायचं नाही सांगितलं होतं ना?"

"घालायचं नाही एवढंच सांगितलंत. का ते कुठे सांगितलंत? मला वाटलं, हट्ट आहे तुमचा. तुमचे बाकीचे असतात तसा."

कडकबाईने हात उगारला नाही, पण शब्दांनी सुनेला धुऊन, पिळून दोरीवर टाकलं. सून रडली नाही. उलट म्हणाली, गोळे थांबले ते मिठाने, घेवड्याने नव्हे. हे सासूला जास्त लागलं.

पण पिंपं मरत होती. मातीतलं मीठ उतरवायचं तर प्रत्येक पिंपातून पाणी खळाळून बुडाच्या भोकांतून वाहून जायला हवं, तेही दोन-तीनदा. दोन बादल्यांत अर्धं पिंप धुतलं नसतं. हौद जावेकडे, पाइपही जावेकडे.

ती जावेच्या दारात गेली. आत नाही गेली.

"मीठ तू टाकलं नव्हतंस."

जाऊ लसूण सोलत होती. "मग कोणी?"

"आमच्याच पातेल्यातून गेलं."

जाऊ इतकी हसली की मांडीवरची टरफलं उडाली. दीर आतून म्हणाला, मग काय, उद्या बाजारात जायचं आणि पिंपं उचलायची. जावेने त्याला गप्प बसवलं. खोलीचं भाडं नवऱ्याच्या खिशात जाणार होतं, पण बोल तिला लागले होते, आणि त्यांची वसुली आधी.

"पाणी हवंय ना? देते. चोर मला गल्लीत केलंत, साडेआठला. उद्या साडेआठलाच, तेवढ्याच आवाजात फिरवा. कमी आवाज चालणार नाही."

"आणि आजची रात्र गेली तर? वेल टिकणार नाहीत."

"ते तुमचे वेल."

रात्रभरात काकडीची दोन पिंपं गेली. सकाळी गिऱ्हाइकं कालच्यापेक्षा दुप्पट होती. कपडे नसलेलेही आले होते. कडकबाईने इस्त्री बाजूला ठेवली, घसा साफ केला आणि ओरडून सांगितलं की पिंपांत मीठ हिने टाकलं नाही. काल मी खोटं बोलले. "बाकी गेल्या अकरा वर्षांत हिच्याबद्दल जे जे बोलले, ते मात्र सगळं खरं आहे."

गल्ली हसली. जावेने क्षणभर हिशेब केला, यात जास्त पदरात काय पडलं, आणि पाइप घरातून आणून जिन्यापाशी फेकला. तोंड कडकबाईच्या पायावर आदळलं. मुद्दाम, असं दोघींनाही माहीत होतं.

सुनेने दुपारपर्यंत पिंपं धुतली. दहांपैकी सहा तरतील. घेवडा एक, माठ दोन, टोमॅटो तीन. संध्याकाळी पातेल्यात फक्त माठ आणि नऊ शेंगा होत्या, आणि बावीस दिवस बाकी होते. जाऊ दारात बसून पिशवीची वाट पाहत होती. ताटात पहिल्यांदाच कडकबाईने मिठाच्या डबीकडे हात नेला, सुनेकडे न बघता चिमूट घेतली आणि म्हणाली, माठ जून झालाय, उद्या पहाटेच खुड.

दुसऱ्या दिवशी सहाला ड्रायव्हरचे सात गडद शर्ट टेबलावर होते. तिने एकाची पाठ उलटी केली, पांढरी कड पाहिली, शर्ट बाजूला फेकला. दुसरा घेतला, बोटांनी पाणी शिंपडलं, आणि कॉलरवर इस्त्री ठेवली.