देवरशिणीच्या ओट्यावर

भर मे महिन्यात कानांना मफलर गुंडाळलेला एक माणूस समोरच्या देवरशिणीच्या ओट्यावर चढला. गल्ली अरुंद, मी अलीकडे शिंप्याच्या दुकानात बसले होते. चालीवरून ओळखलं, हे आमच्या चर्चचे पाळक. सुपात दाणे टाकून हरवलेल्याचा माग सांगणाऱ्या या बाईकडे जो जाईल त्याला चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर मिळणार नाही, असं त्यांनीच उपदेशात बजावलं होतं.

मला बायबलातला शौल राजा आठवला. भूतविद्येच्या बायका त्यानेच राज्यातून हाकलल्या, आणि लढाईच्या तोंडावर देव काही बोलेना तेव्हा वेष बदलून त्यांच्यातल्याच एकीच्या दारात गेला. लहानपणी मला त्याचा राग यायचा. आता वाटतं, देव नाही म्हणाला असता तर तो मुकाट परत फिरला असता. पण देव गप्पच राहिला तर काय करायचं, ते कुणी शिकवत नाही.

"पोरगा घरातून निघून गेल्यापासून प्रार्थनाच करतोय," पाळक म्हणाले. "तुम्ही तरी बघा."

तिने दाणे टाकले, बराच वेळ पाहिले.

"मला काही दिसत नाही, साहेब." मग त्यांच्याकडे बघून म्हणाली, "तोंड सुकलंय तुमचं. भाकरी खाऊन जा."

शौलालाही शेवटी त्या बाईनेच जेवू घातलं होतं.

ताटली पुढे आली. पाळकांनी मफलर सोडला आणि सवयीने हात जोडून डोळे मिटले. आभार मानत होते, त्या गप्प राहिलेल्याचेच. देवरशिणीने डोक्यावर पदर घेतला आणि त्यांचं पुटपुटणं संपेपर्यंत कालवणाची पळी हातात धरून थांबली.