बटेरची अंडी आणि आत्यांचा रस्सा

स्वयंपाकघरातल्या गोष्टी कुणी मुद्दाम जपत नाही. भांडी घासताना निम्म्या तर पाण्याबरोबरच वाहून जातात. पण बटेरची अंडी घरात आली, त्या पंधरवड्यातल्या मात्र मला सगळ्या आठवतात.

सून ज्योती पाच महिन्यांची गरोदर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त कमी आहे, रोज अंडी खा. तिचा भाऊ चौसाळ्याला बटेर पाळतो. त्यानं ट्रे भरून अंडी धाडली. मोठ्या बोराएवढी, ठिपक्याठिपक्यांची.

अडचण वेगळीच होती. आमच्या घरी कालवणातली अंडी पुरुषांच्या ताटात जातात आणि बायकांच्या ताटात रस्सा. तसा नियम कुणी केलेला नाही, पण मी लग्न होऊन नेकनूरला आले तेव्हापासून असंच आहे. मी ठरवलं, ज्योतीच्या पोटात अंडी गेलीच पाहिजेत.

*

पहिल्या दिवशी मी ती कोंबडीच्या अंड्यांसारखी पंधरा मिनिटं उकळली. रबर झालं! आमचे हे बराच वेळ चावत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "सुमन, गिळायचं का थुंकायचं, तेवढं सांग."

दुसऱ्या दिवसापासून उकळत्या पाण्यात चार मिनिटं, की लगेच गार पाण्यात.

*

सोलायचं काम मुलाला, संदीपला दिलं. टरफल पातळ, पण आतला पापुद्रा चिवट. वीस अंडी दिली, वाटीत बाराच आली. बाकीची फुटली म्हणाला. फुटलेली कुठे आहेत विचारलं, तर उत्तर यायला वेळ लागला, तोंड भरलेलं होतं.

"फुटकी अंडी लोकांना कशी वाढायची?" म्हणाला.

*

पुरुषाला दोन अंडी, हा आमच्याकडचा हिशोब. ज्योतीच्या भावानं फोनवर सांगितलं, पाच बटेरची म्हणजे कोंबडीचं एक. झालं! सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, बाप-लेकाला दहा-दहा वाढली. पातेल्यात उरला रस्सा.

त्यांनी हात लावायच्या आत मी दोन्ही ताटांतली पाच-पाच उचलून ज्योतीला वाढली.

"ताटातलं उचलतीस?" हे म्हणाले.

"मग डॉक्टरीणबाईला सांगू का, तुमीच गरोदर हाय म्हणून?"

*

तरी ज्योतीचं ताट रोज फार लवकर रिकामं व्हायचं. एकदा पाहिलं, तर ती अंडी भाकरीखाली लपवून हळूच संदीपकडे सरकवत होती. मी तिच्या शेजारीच बसायला लागले. तेव्हा म्हणाली, "आई, आजींनी कधी खाल्लं न्हाई. त्यांच्या देखत माझ्या गळ्याखाली उतरत न्हाई."

तेही खरंच. आत्यांच्या अंड्याच्या रश्श्याचं गल्लीत नाव आहे. मामा, म्हणजे माझे सासरे, होते तोवर दर रविवारी तोच मागायचे. आत्या रश्श्याचा थेंब तळहातावर घेऊन मीठ बघायच्या आणि जेवताना म्हणायच्या, मला नुसता रस्साच आवडतो. तीस वर्षं मीही तेच म्हणत आले होते.

*

रविवारी आत्यांनीच रस्सा केला, पण वाढायला मी बसले. पाच ताटं, प्रत्येकात पाच अंडी. आणि सांगून टाकलं, आत्या खाईपर्यंत कुणी घास उचलायचा नाही.

आत्या म्हणाल्या, मला दात कुठं हायत. मी म्हटलं, लोण्यासारखी मऊ आहेत. त्या म्हणाल्या, पित्त होतं. मी म्हटलं, गोळी आणून ठेवली आहे. ह्यांनी घसा खाकरला. रस्सा गार होत होता. ज्योती खाली मान घालून बसली होती.

आत्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग एक अंडं उचलून तोंडात टाकलं आणि डोळे मिटून चावत राहिल्या. ते पाहून ज्योतीनंही एक उचललं. तिच्या तोंडात घास फिरला, खाली उतरला, तिनं दुसरं घेतलं, तेव्हा मी माझी भाकरी मोडली.

आत्यांनी मात्र दुसरं अंडं बोटांनी मधोमध फोडलं. आत निरखून पाहिलं. जिभेला लावलं.

"ह्याच्या आत मीठ जातच न्हाई की गं."

आत्यांनी चिमूटभर मीठ घेतलं आणि ज्योतीच्या उरलेल्या अंड्यांवर भुरभुरवलं.

"चाळीस वर्षं अळणी खात गेले तुझे मामा," मला म्हणाल्या. "एकदा सुदिक बोलले न्हाईत."